गुळवे सरांचा शेवटचा पेपर

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात नव्यानं रुजू झालेले एक शिक्षक परवा मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही गुळवे सरांच्या विद्यार्थिनी ना? नशीबवान आहात." मी मान हलवली. ते खोटं नव्हतं. पण पुढचं सांगायचं तर मधली सुट्टी पुरली नसती, आणि त्यांचा चेहरा इतका श्रद्धेनं भरलेला होता की मी डबा उघडला आणि त्यांना लोणचं विचारलं.

गुळवे सर बीडच्या बाजारपेठेतल्या लिंगायत किराणा दुकानदाराचे धाकटे चिरंजीव. थोरल्या भावानं दुकान घेतलं आणि सरांनी तत्त्वज्ञान. पण दुकान त्यांच्या हातातून कधी गेलं नाही. आम्हाला वाचायला द्यायची पुस्तकं ते वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून आणायचे. गाठ अशी मारायचे की एक टोक ओढलं की पुडा सुटावा. विचार करायला लागले की त्यांचा उजवा हात शर्टावरून गळ्यातल्या इष्टलिंगाशी जायचा आणि तिथंच थांबायचा. तो हात खाली आला की उत्तर येणार, हे आम्हाला ठाऊक झालं होतं. वर्गात त्यांची मराठी पुस्तकी असायची. व्हरांड्यात आले की अस्सल बीडची.

धर्म आणि तत्त्वज्ञान या विषयाच्या एम.ए.ला आम्ही सगळे मिळून सातजण होतो. नव्वदनंतरची ती वर्षं. दर गल्लीत एसटीडीची पिवळी पाटी लागत होती आणि एक गल्ली सोडून संगणक क्लासची. नातेवाईक विचारायचे, "धर्म शिकून काय करणार, कीर्तन?" मी माजलगावकडची, बीडला मामांकडे राहून शिकत होते. मामा पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांचाही तोच प्रश्न होता, फक्त ते तो मोठ्यानं विचारत नसत.

सरांवर आमचा विश्वास कसा बसला, त्याचा एक प्रसंग सांगते. पहिल्या वर्षी एका तासाला त्यांनी पाली गावाजवळच्या देवाच्या एका ठाण्याबद्दल सांगितलं, की तिथली पूजा गुरवाकडे आहे. आम्ही लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी कुलकर्णी मॅडमचा तास चालू असताना सर दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, दोन मिनिटं," ते म्हणाले, आणि आमच्याकडे वळले. "काल मी तुम्हाला चूक सांगितलं. शंका आली म्हणून संध्याकाळी मोपेड काढून पालीला गेलो. तिथला पुजारी गुरव नाही, कोळी आहे. ज्यांनी लिहिलं असेल त्यांनी आत्ता खोडा."

आम्ही खोडेपर्यंत ते उभे राहिले. मॅडम हातात खडू धरून थांबल्या होत्या. एवढ्याशा गोष्टीसाठी इतक्या लांब जाऊन येणारा आणि दुसऱ्याच्या वर्गात शिरून आपली चूक सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. असा माणूस आपल्याशी कधी खोटं बोलेल, हे मनात यायलाच जागा नव्हती.

आमच्यात सगळ्यांत हुशार रफीक होता, धारूरचा. वडील लहानपणीच गेलेले, चुलत्यांनी वाढवलेला. चुलत्यांचं धारूरच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. सरांच्या तासाला रफीक असा बसायचा की सर नकळत त्याच्याकडेच बघून बोलू लागत. त्याची शंका कधी साधी नसायची. सर हसायचे आणि म्हणायचे, "रफीक, याचं उत्तर मला येत न्हाई. तू शोध आणि मला सांग." दुसरा माझा मित्र वैजनाथ. तो सरांच्याच समाजातला, भुसार दुकानदाराचा मुलगा, भोळा आणि बडबड्या.

शेवटच्या सत्रात एक पेपर आपण निवडायचा होता. दोनच पर्याय. एक कुलकर्णी मॅडमचा, 'धर्म आणि आधुनिक समाज'. मॅडम वर्षानुवर्षं त्याच टिपा सावकाश उतरवून द्यायच्या. त्या पाठ केल्या की प्रथम वर्ग नक्की, आणि नोकरीला प्रथम वर्गच विचारत. दुसरा सरांचा, 'मराठवाड्यातील लोकधर्म'. त्याला पुस्तक नाही, टिपा नाहीत. गावोगाव जायचं, बघायचं, ऐकायचं, लिहायचं. अर्धे गुण त्या लेखनाला आणि ते गुण सरांनीच द्यायचे. हा पेपर सुरू व्हायला किमान तीन विद्यार्थी हवे होते. वर्गातल्या चौघांनी लगेच मॅडमचा पेपर घेतला. उरलो आम्ही तिघं, आणि आमचंही नक्की नव्हतं. मला सरांचा पेपर मनापासून हवा होता, पण मामांनी स्पष्ट सांगितलं होतं, "कुंदा, आवड राहू दे. वर्ग बघ."

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सर आमच्या घरी आले. प्राध्यापक घरी आला म्हणून मामींची धांदल झाली. सर खाटेवर बसले, चहा बशीत ओतून प्यायले, मामांशी धरणाच्या पाण्याबद्दल बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मामा, एक विनंती करायला आलतो. कुंदाला माझा पेपर घेऊ द्या."

मामा म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल शंका न्हाई. पण पोरीला नोकरी लागायची तर मार्क लागतील. त्या मॅडमच्या पेपरात मार्क हमखास हायेत म्हणतात."

"मार्क मी देणार हाय ना," सर म्हणाले. "आणि फुकट देणार न्हाई, शिकवून देणार हाय. जूनपर्यंत मी तिच्यामागं उभा हाय. पोरीचं नुकसान होऊ देणार न्हाई, हा माझा शब्द."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "तुमचा शब्द हाय म्हणल्यावर आमी काय बोलणार," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी सर मला आणि वैजनाथला घेऊन एसटीनं धारूरला गेले. घाट चढताना ते खिडकीतून एकेक टेकडी दाखवत होते, कुठं कुणाचं ठाणं आहे, कुणाला कोंबडं चालतं आणि कुणाला नुसतं नारळ. रफीकचे चाचा दुकानातच भेटले. गिऱ्हाईक होतं, तरी त्यांनी गादीवर जागा करून दिली. त्यांचं म्हणणं साधं होतं. रफीकचं शिकून झालं. सहा महिने आणखी कशाला? त्याला दुकानात घ्यायचं होतं, आणि तो मॅडमचा पेपर घरी वाचूनही देऊ शकत होता.

"गावोगाव हिंडायचं म्हणतोय पोरगा," चाचा म्हणाले. "दर्गे काय, देवळं काय. सर, दिवस कसे हायेत तुमाला ठाऊक हाय. कुणी काही बोललं तर?"

दिवस खरंच तसे होते, दंगलींच्या बातम्यांचे.  सरांचा हात इष्टलिंगापाशी गेला आणि खाली आला.

"म्हणूनच त्याला हिंडू द्या," ते म्हणाले. "तो एकटा न्हाई, मी बरोबर हाय. चाचा, हा पोरगा उद्या माझ्या जागेवर बसंल. माझ्यापेक्षा चांगला शिकवंल. सहा महिने मला द्या."

चाचांनी बराच वेळ कापडाची घडी नीट केली. मग म्हणाले, "तुमी एवढ्या लांब आलात. घेऊन जा." रफीक आत चहा आणायला गेला होता. परत आला तेव्हा त्याला आमच्या चेहऱ्यांवरूनच कळलं, आणि त्यानं हसू लपवायला कप वाटायला सुरुवात केली.

जानेवारीतले ते तास माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले तास होते, हे मी आजही मान्य करते. एका गुरुवारी सर आम्हाला दर्ग्यात घेऊन गेले. "अर्धा तास कुणी काही विचारायचं न्हाई, नुसतं बघायचं," असं सांगून ते भिंतीला टेकून बसले. वैजनाथला कुठला दम. कुंकू लावलेली एक बाई जाळीला धागा बांधत होती, तिला त्यानं विचारलंच, "मावशी, तुमी तर हिंदू. मग इथं कावून येता?" बाई ओशाळली. तिनं पदर सारखा केला, थैली उचलली आणि बाहेर पडली.

सर उठून वैजनाथपाशी गेले. "ती बाई तुझ्या दुकानात आली असती, तर तू इथं का आलीस म्हणून विचारलं असतंस?"

"न्हाई, सर."

"मग इथं का विचारलंस? जा. तिची थैली घे आणि स्टँडपर्यंत सोडून ये. एक शब्द विचारू नको. ती बोलली तर ऐक."

वैजनाथ तासाभरानं परत आला. त्याचा आवाज उतरला होता. बाईचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. कुठंकुठं जाऊन आली, कोण काय म्हणालं, सासू काय म्हणते, सगळं तिनं वाटेत आपणहून सांगितलं होतं. "मी काही विचारलंच न्हाई सर," वैजनाथ म्हणाला. "तीच बोलत राहिली."

"लिही मग," सर म्हणाले. "आपला पेपर हाच हाय."

फेब्रुवारीत सर एक दिवस आले नाहीत, मग सलग तीन दिवस. काहीतरी घरचं असेल असं आम्हाला वाटलं. आठवड्यानं सूचनाफलकावर कागद लागला. आमच्याच संस्थेनं गावाबाहेर संगणक आणि व्यवस्थापनाचं नवं महाविद्यालय काढलं होतं आणि गुळवे सर तिथले प्राचार्य झाले होते. आमच्या विभागातून त्यांना मोकळं केलं होतं.

आम्हाला आनंद झाला, हे सांगायला हवं. वैजनाथनं पेढे आणले. सर भेटले तेव्हा म्हणाले, "अरे, आबांनी अचानक घोड्यावर बसवलं. पण तुमचं काही अडणार न्हाई. रविवारी मी येत जाईन." आबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, जिल्ह्याच्या राजकारणातलं मोठं प्रस्थ.

एक रविवार सर आले. घाईत होते, पण रफीकनं लिहिलेलं त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या रविवारी आम्ही कुलूप लावलेल्या वर्गाबाहेर दुपार होईपर्यंत बसलो. तिसऱ्याही. मग रफीक नव्या महाविद्यालयात जाऊन आला. शिपायानं त्याला बाहेर बाकावर बसवलं. सर मीटिंगमधून निघाले ते सरळ गाडीत बसले. "त्यांनी पाहिलं न्हाई मला," रफीक म्हणाला. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "पाहिलं नसंल."

मार्चमध्ये नव्या महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. खुर्च्या भरायला संस्थेच्या सगळ्या शाखांतली मुलं बसवली होती, त्यांत आम्हीही. सर व्यासपीठावर होते, फेटा बांधलेला. आबा बोलायला उठले. देशात नवं आर्थिक धोरण आलंय, आपल्या पोरांनी मागं राहायचं न्हाई, असं बरंच बोलून झाल्यावर ते सरांकडे वळले.

"हा माणूस लई हिशेबी हाय," आबा कौतुकानं म्हणाले. "दिवाळीच्या फराळालाच म्या यांना म्हणलं, सर, तो धर्माचा विभाग काही आपल्याला पुढच्या साली चालवायचा न्हाई. तुमी इकडं या. तवाच हो म्हणले. फक्त एक म्हणले, आबा, माझी ऑर्डर निघंपर्यंत माझा पेपर तेवढा चालू दाखवा. आमी म्हणलं, दाखवा की."

लोक हसले आणि टाळ्या वाजल्या. सरांनीही हसून मान खाली घातली.

मला आधी नीटसं कळलंच नाही. दिवाळी म्हणजे सर आमच्या घरी येण्याच्या आधी. धारूरच्या आधी. मी रफीककडे पाहिलं. तो टाळी वाजवायला वर आणलेले हात तसेच धरून बसला होता.

कार्यक्रमानंतर चहाच्या मांडवात सर लोकांच्या घोळक्यात उभे होते. रफीक गेला आणि त्यांच्यासमोर थांबला. मी आणि वैजनाथ मागे होतो. घोळका पांगेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

"सर, दिवाळीतच ठरलं होतं?" त्यानं विचारलं.

सरांचा हात छातीशी गेला. "ठरलं म्हणजे, बोलणं झालतं."

"मग धारूरला आलात तेव्हा तुमाला माहीत होतं."

"ऑर्डर जूनमध्ये निघंल असं वाटलं होतं. लवकर निघाली. मी काय करू?"

"चाचांना तुमी म्हणला, मी तुमच्या जागेवर बसंन. ती जागाच राहणार नव्हती, सर."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रफीक, मी तुला जे शिकवलं त्यात एक शब्द खोटा होता का? तेवढं सांग."

"न्हाई सर," रफीक म्हणाला. "तेवढं तरी खोटं असायला पाहिजे होतं. सोपं गेलं असतं."

सर काहीतरी बोलणार होते, पण आबांनी त्यांना हाक मारली आणि ते गेले.

राहिलेलं कुलकर्णी मॅडमनी सांगितलं. त्यांना वाटत होतं आम्हाला ठाऊक आहे. सरांचे पुरेसे तास भरले नसते तर ते त्या वर्षी अतिरिक्त ठरले असते, आणि अतिरिक्त ठरलेल्याला प्राचार्यपद मिळायला अडचण आली असती. पेपर सुरू होणं त्यांना गरजेचं होतं. त्याला तीन विद्यार्थी लागत होते. "मला वाटलं, तुम्ही सरांसाठी म्हणून घेतलात," मॅडम म्हणाल्या. मग आमची तोंडं पाहून त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या ओढून दिल्या.

आमच्या लेखनाला गुण देणारं कुणी नव्हतं. विभागानं तोडगा काढला, आम्ही मॅडमच्या पेपरला बसायचं. परीक्षा तोंडावर आली होती. ज्या मॅडमच्या टिपांची आम्ही दोन वर्षं टिंगल केली, त्यांनी आम्हाला घरी बोलावून रोज शिकवलं. आम्ही म्हणजे मी आणि वैजनाथ. रफीक आला नाही. तो त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सामान घेऊन धारूरला गेला होता.

परीक्षेआधी आम्ही दोघं त्याला आणायला गेलो. तो दुकानात गिऱ्हाइकाला कापड फाडून देत होता. आम्हाला पाहून हसला, चहा मागवला, माझ्यासाठी एक सुती तागा काढून दाखवला. परीक्षेचं नाव काढलं की तो दुसरं काहीतरी बोलायचा. निघताना चाचा रस्त्यापर्यंत आले.

"बाई, मला काही फार समजत न्हाई," ते मला म्हणाले. "पण सर एकदा येऊन म्हणले असते ना, की चाचा, न्हाई जमलं, तर मी पोराला आणखी एक साल दिलं असतं. मी वाट पाहिली. ते आलेच न्हाईत."

मला प्रथम वर्ग मिळाला नाही. नोकरीला बरीच वर्षं गेली. मामा कधीही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, "सर आले असतील ना गं, तुझी चौकशी करायला? कॉलेजात?" मी हो म्हटलं. मामांनी ज्या माणसाच्या शब्दावर माझं वर्ष ठेवलं, तो इतका हलका निघाला, हे त्यांना कळू नये असं वाटलं.

त्यानंतर सरांना मी एकदाच पाहिलं. माजलगावला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. सर नवऱ्या मुलाकडून आले होते. केस पांढरे झाले होते, अंगात सफारी. पंगतीनंतर हात पुसत ते माझ्यासमोर आले आणि लगेच ओळखलं.

"कुंदा ना?" शेजारच्या गृहस्थांना त्यांनी सांगितलं, "ही माझी विद्यार्थिनी. माझी शेवटची बॅच. तशी पोरं पुन्हा भेटली न्हाईत." ते मनापासून बोलत होते. त्यांच्या आवाजात तीच माया होती, आणि ती ऐकून मला बरं वाटलं, याचा मला राग आला.

गृहस्थ पुढे गेल्यावर सर म्हणाले, "रफीक काय करतो?"

"दुकान बघतो. लग्न झालं, दोन मुली आहेत."

"लिहितो का काही?"

"नाही."

त्यांनी हात पुसलेला रुमाल घडी करून खिशात ठेवला. "मला त्याला एकदा भेटायचं हाय. धारूरलाच हाय ना? तू माझ्याबरोबर चल. तू असलीस तर तो बोलंल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं धारूर तिथंच होतं, तासा-दोन तासांच्या वाटेवर. दुकानही तेच.

"मी नाही येणार, सर," मी म्हणाले.

त्यांनी कारण विचारलं नाही. मान हलवली, "बरं, बरं," म्हणाले आणि मांडवाच्या दाराकडे गेले. तिथं पाहुण्यांच्या चपला-बुटांचा ढीग पडला होता. एका पायात बूट घालून, कनातीचा बांबू धरून, सर दुसऱ्या पायानं तो ढीग उलटापालटा करत होते. बाहेर त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. मला त्यांचा दुसरा बूट दिसत होता, बाजूला सरकलेला, माझ्यापासून चार पावलांवर. पूर्वी असतं तर मी धावत जाऊन तो त्यांच्या पायाशी ठेवला असता.

आतून मामींनी मला ओटीचं ताट धरायला बोलावलं, आणि मी आत गेले.